बावटा तीन

आमच्या आतोबांच्या पोटात एखादी बातमी पुरतं एक मिनिट टिकली असं कुणी सिद्ध करून दाखवलं, तर मी मनगटावरचं घड्याळ काढून द्यायला आजही तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. राहायला शिवडीला, खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. पाणी किती वाजता जाणार, रेशनवर कुठला तांदूळ आलाय, रॉकेलची गाडी कुठल्या नाक्यावर अडकलीय, कुणाचा पाहुणा दार चुकून कुणाकडे जेवायला बसलाय, हे ज्याचं त्याला ताबडतोब कळलंच पाहिजे, नाहीतर जगाचा गाडा तिथल्या तिथे थांबेल, अशी त्यांची खात्री होती. मी गिरगावातून रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. पहिल्या पायरीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता मला सबंध चाळीची आठवड्याची खबर मिळे, कारण आतोबा मला घ्यायला खाली आलेले असत आणि वर पोचेपर्यंत त्यांना दम निघत नसे.

याला कारण होतं. त्यांनी तारमास्तर म्हणून तीस वर्षं तारऑफिसात काढली होती. तारेतला मजकूर बाहेर फोडायचा नाही, अशी त्या नोकरीत शपथच घ्यावी लागे. कोण पास झालं, कोण वारलं, कुणाची मुलगी कुणाबरोबर पळाली, हे आतोबांना त्या घरच्यांच्या आधी कळे आणि संध्याकाळी त्याच घरच्या माणसाबरोबर पानाच्या गादीवर उभं राहून ते उकाड्याच्या गप्पा मारत. तीस वर्षं तोंडाला सरकारी सील. पेन्शनीत निघाले त्या संध्याकाळी ते सील फुटलं. जुन्या तारांबद्दल ते पुढेही अवाक्षर बोलत नसत, तेवढी शपथ त्यांनी पाळली. पण त्या दिवसानंतर घडलेल्या कुठल्याही गोष्टीला त्यांच्या तावडीतून सुटका नव्हती.

आता इतकं सांगायची हौस असलेला माणूस निदान ऐसपैस बोलेल की नाही? तेही नाही. सगळं तारेच्या भाषेत. वाक्यात एक शब्द जादा पडला तर त्यांना फार लागे. आत्याला बघून आल्यावर त्यांनी आपल्या वडिलांना कळवलं होतं, "मुलगी पसंत. नाक चालेल." ती तार आत्याच्या हाती कशी लागली देव जाणे, पण पस्तीस वर्षांच्या संसारात एकही भांडण असं झालं नाही की ज्याच्या शेवटी आत्या "चालेल म्हणे!" असं म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली नाही. शेजारच्या खोलीत गिरणीत कामाला असलेला एक मालवणी गृहस्थ होता. एकदा आतोबा भर दुपारी त्याच्या गिरणीच्या गेटवर जाऊन थडकले, त्याला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "तुमचे वडील. जिना. ताबडतोब." बिचारा परळपासून शिवडीपर्यंत रडत धावत आला. बघतो तो म्हातारा कुलूपबंद खोलीबाहेर जिन्यावर फणस घेऊन बसलेला, गावाहून आलेला, खणखणीत. "मास्तरानू," तो कळवळून म्हणाला, "एक शबुद जास्ती सांगल्यात तर तुमचा काय जाता?" त्यावर आतोबा शांतपणे म्हणाले, "'सुखरूप' सुचला होता. काटला."

अशा माणसाने पेन्शनीत गेल्यावर रेडिओ घेतला. लायसन काढलं, गॅलरीला एरियलची तार बांधली, आत्याकडून भरतकामाचं आच्छादन करून घेतलं. आत्या खूश झाली, आता घरात गाणी लागतील म्हणून. पण गाणं सुरू झालं रे झालं की आतोबा खटकन बटण बंद करत. "गाण्यात माहिती नसते." बातम्या ते बसून ऐकत. हवामानाचा अंदाज लागला की मात्र उभे राहत, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर राहावं तसे. हातात पेन्सिल, समोर तारेचे जुने कोरे फॉर्म. वारा कुठून, समुद्र कसा, इंग्रजीत सांगितलेलं सगळं ते भराभर लिहून घेत आणि मग गॅलरीत जाऊन खाली बघत राहत. खाली कोळीवाडा होता. ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असत, भरती भरली की तरंगत आणि खाडीबाहेर निघत. तिथे कुणाकडेही रेडिओ नव्हता. वादळाचा धोका असला की बंदरात खांबावर नंबरची खूण चढवत, तिला सगळे बावटा म्हणत. पण तो खांब शिवडीहून दिसत नसे. कुणी माझगावकडून येताना पाहून आलं तर कळे, नाहीतर नाही. माहिती वर आणि माणसं खाली, मध्ये तीन जिने. हे आतोबांना सहन होणं शक्यच नव्हतं.

त्यांनी कर्णा मिळवला. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते, परळ-लालबागला रोज सभा, त्यामुळे लाउडस्पीकरवाल्यांना जेवायला सवड नव्हती. एकाकडे एक पोचा आलेला कर्णा अडगळीत पडला होता, त्यातून कुणीही बोललं तरी पडसं झाल्यासारखं ऐकू येई. पुढारी तो घेत नसत. आतोबांनी घेतला. पोलिसांच्या परवान्याच्या अर्जावर 'कोणत्या विषयावर भाषण?' असा रकाना होता, तिथे त्यांनी 'वारा' असं लिहिलं. कर्णा चाळीच्या गच्चीवर कोळीवाड्याकडे तोंड करून बसला, आणि पहिल्याच दिवशी आतोबांनी जाहीर केलं, "वारा नैर्ऋत्य. समुद्र मध्यम. समाप्त."

घटकाभराने काशीबाय वर आली. काशीबाय त्याच कोळीवाड्यातली, आत्याकडे नेहमी मासळी घालायची. तिचा धाकटा दीर एका होडीचा तांडेल होता, म्हणजे होडी त्याच्या हुकुमात चाले. टोपली उतरवून ती म्हणाली, "मास्तर, त्यो नैरुत्य कोन? आमच्या गावान त्या नावाचा कोनी नाय." आतोबांनी तिला दिशा समजावून दिल्या. तिने पदराने वारा घेत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे डोंगराकडनं क दर्याकडनं? येवढाच सांग." दुसऱ्या दिवसापासून 'डोंगराकडून' आणि 'दर्याकडून' झालं, पण मान्यता काही मिळाली नाही. काशीबायचा दीर तर गच्चीकडे बोट दाखवून म्हणे, "वारा डब्यान भरून आनलाय मास्तरनी. झाकन उघडला क उडाला."

त्यात रेडिओच्या अंदाजाचं वजन ते काय! आतोबा घसा खरवडून सांगत, "समुद्र खवळणार. सावध," आणि समुद्र दुधासारखा शांत राही. होड्या भरून येत. मग काशीबाय हसत हसत पाटीभर मांदेली आणून आत्यापुढे ओती, "ही मास्तरच्या वादलाची." हा रिवाजच पडून गेला. अंदाज चुकला की मांदेली. आत्या तर सकाळी गच्चीवरून उतरणाऱ्या नवऱ्याला विचारू लागली, "काय सांगितलंत आज? वादळ? मग मसाला वाटून ठेवते." मी रविवारी ताव मारायला हजर असेच. त्या मांदेलीला जी चव होती ती पुढे विकतच्या मांदेलीला कधी आली नाही. आतोबा मात्र त्या दिवशी आमटीभात खाऊन उठत.

मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे. एकदा विचारलंही, "आतोबा, कुणी ऐकत नाही, वर मासळीचा आहेर करतात. कशाला एवढी यातायात?" त्या दिवशी ते चार शब्दांत आटपले नाहीत. नवीन नोकरीत असताना ते कोकणातल्या एका लहान बंदरावर होते. एका सकाळी वादळाची तार आली. नावावर होती बंदराच्या अधिकाऱ्याच्या, आणि अधिकारी पलीकडच्या गावात लग्नाला. खिडकीतून आतोबांना होड्यांची तयारी दिसत होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती. तार ज्याच्या नावची त्यालाच द्यायची. आतोबांनी ती बंद करून तीन तास टेबलावर ठेवली. "दोन होड्या," ते म्हणाले. आणि उठून गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून एक होडी थांबली पाहिजे रे. एकच." मला थट्टा आठवून लाज वाटली. आणि त्या रविवारी मांदेली माझ्याही घशाखाली उतरली नाही.

नंतर दिवाळी होऊन गेल्यावरचा तो दिवस आला. मी पोट दुखतंय म्हणून ऑफिसातून रजा घेऊन खात्यापित्या पोटाने शिवडीला गेलो होतो. शहरात वातावरण तंग होतं, कुठे सभाबंदी, कुठे मोर्चा, आज काय होईल याचा भरवसा नव्हता. अकराच्या सुमाराला रेडिओवर खास सूचना आली. आतोबा उभे होतेच. लिहिता लिहिता त्यांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. समुद्रात वादळ होतं आणि ते इकडेच वळत होतं, बंदरात तीन नंबरचा बावटा चढला होता. दुपारच्या भरतीवर होड्या सुटायच्या होत्या. आतोबा जिना चढत गच्चीवर गेले, मी मागोमाग. माइक हातात घेऊन, सवयीप्रमाणे एकही शब्द फुकट न घालवता ते गर्जले, "बावटा तीन. कोणी बाहेर पडू नये. बावटा तीन. सर्वांनी घरीच." असं पाच वेळा.

आता शिवडी-परळच्या माणसाला बावटा म्हटलं की बंदरावरचा खांब आठवत नाही. त्याला आठवतो युनियनचा झेंडा. आणि तीन म्हटलं की आठवते गिरणीची दुसरी पाळी, ती तीनला लागे. आमचा मालवणी शेजारी दुसऱ्या पाळीला न्यायचा डबा बांधत होता, त्याने डबा तिथेच सोडला. "तीन वाजता बावटो निघतलो! कोणी कामार जाव नको म्हणान सांगल्यानी!" तो जिन्यावरून ओरडत खाली गेला. खालच्या चाळीने वरच्या चाळीला सांगितलं, वाण्याने अर्धवट तोललेला गूळ पोत्यात परत टाकून फळ्या लावल्या, हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकांना चहासकट बाहेर काढलं. अर्ध्या तासात शिवडीपासून परळपर्यंत कडकडीत हरताळ पडला. पुढाऱ्यांना म्हणे दोन वाजता कळलं की आज आपण हरताळ पुकारला आहे.

मग हवालदार आला. साताऱ्याकडचा, जाडजूड, तीन जिने चढून घामाघूम झालेला. "कोन पुढारी बोलला वरनं?"

"पुढारी नाही," आतोबा म्हणाले. "हवामान."

"हे हवामान कुठल्या पार्टीचं?"

"सरकारी."

"सरकारच म्हनतंय व्हय, बाहेर पडू नका? तीन वाजता काय हाय त्ये सांगा."

"तीन वाजता काही नाही. तीन नंबर."

"आन् एक नंबर, दोन नंबर कुठं लपल्यात?"

शेवटी आत्या पदर खोचून पुढे झाली. "अहो हवालदार, या माणसाने लग्नाला होकार दिला तोसुद्धा चार शब्दांत. यांच्याकडून हरताळाचं भाषण होईल असं वाटतं का तुम्हाला?" हवालदाराने आतोबांकडे नीट पाहिलं आणि त्याला ते पटलं असावं. पण वरून हुकूम होता. माइक आणि तार गुंडाळून घेऊन तो गेला.

आतोबांचं लक्ष माइककडे नव्हतंच. ते गॅलरीच्या कठड्याशी गेले. भरती भरत आली होती. "सुटतील आता," ते म्हणाले आणि तसेच, अनवाणी, जिना उतरायला लागले. साठीच्या माणसाला मी तसं पळताना पुन्हा पाहिलं नाही. आम्ही कोळीवाड्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पाणी काठाला लागलं होतं, आणि सगळ्या होड्या दोरांनी बांधलेल्या होत्या. एकूण एक. खलाशी सावलीत बसून पत्ते कुटत होते. आतोबा उभ्या उभ्या हसायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काशीबायच्या दिराचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "थांबलात! ऐकलंत तुम्ही! ऐकलंत!"

तांडेल बुचकळ्यात पडला. "काय आयकला?"

"बावटा. मी सांगितला तो."

"त्यो आयकला. पन तुज्या बावट्याला आमी कवा थांबलोय, मास्तर?" तो म्हणाला, अगदी सरळपणे, लागेल असं काही मनात नसताना. "आज हरताल हाय ना. मारकेट बंद, बरफ नाय. मावरा आनून कोनाला इकू?"

आतोबांनी त्याचे हात सोडले. "बरं, बरं," म्हणाले. परतताना जिन्यात भेटलेल्या तिघाचौघांना एकही बातमी सांगितली नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

दिवेलागणीला वादळ आलं. कोळीवाड्यातली कौलं उडाली, दोन होड्या काठावरच एकमेकींवर आपटून फुटल्या, चाळीच्या गच्चीवरचा कर्णा निसटून लोखंडी कठड्यात अडकून बसला. पण पाण्यावर शिवडीचा एकही माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जो तो सांगत होता, संयुक्त महाराष्ट्राने वाचवलं. हरताळाच्या नावाने नारळ फुटला. आतोबांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि कपाळाला लावून खाल्ला.

त्याच दुपारी काशीबाय वर आली. टोपली नव्हती. गॅलरीत आतोबांसमोर बसकण मारून म्हणाली, "तुजा खरा व्हता, मास्तर. माजा दीर गेला असता. मना म्हाईत हाय ता." आतोबांनी पानाचं तबक तिच्यापुढे सरकवलं. ती म्हणाली, "पन तू सांगतस कोनाला? बावटा तीन, बावटा तीन. कोनाला? नाव घे क कोनाचा तरी."

आतोबा तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून कपाळावर हात मारून म्हणाले, "पत्ता! तीस वर्षं तारा पाठवल्या रे मी. आणि इथे पत्ताच घातला नाही."

हवालदाराने आठवड्याभराने माइक आणून दिला. बंदरात बावटा खरंच तीनचा होता, असं बहुधा त्याच्या साहेबांना कळलं असावं. आतोबांनी लगेच नावं घेऊन पाहिली. पण रेशनकार्डावरची नावं कोळीवाड्यात कुणी वापरत नसे. त्यांनी "पांडुरंग लक्ष्मण" अशी हाक दिली की एकतर कुणीच बघत नसे, नाहीतर तिघे वर बघत. तेव्हा काशीबायने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. "ए बोक्या! ए लांब्या! ए माज्या दिरा, तू पन आयक! आज सांजचा दर्यान तुफान हाय. गेलास तर घरान भाकर नाय मिलायची!" होड्या थांबल्या. त्या दिवशीही आणि नंतरही. पुढे सगळा कोळीवाडा त्याला काशीबायचा कर्णा म्हणू लागला.

मग रोजचं ठरून गेलं. आतोबा रेडिओपाशी उभं राहून लिहून घ्यायचे, चार शब्दांचा फॉर्म घेऊन गच्चीवर चढायचे, काशीबायला वाचून दाखवायचे, आणि ती त्या चार शब्दांचे चाळीस करून शिव्यांसकट खाली सोडायची. ते तिच्या मागे स्टुलावर बसून सैल झालेली तार बोटांनी धरून ठेवत. जगाला स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नसे, ते दुसऱ्याच्या तोंडून आपली बातमी जाताना गप्प बसून ऐकत. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "पोचते ना." पण मला माहीत होतं, त्यांच्या मनातली ती एक होडी अजून थांबायची होती. आत्याची तक्रार निराळीच. लोक ऐकायला लागल्यापासून मांदेली बंद झाली होती.

महाराष्ट्र झाला, मुंबई राहिली, शिवडीला रोषणाई झाली. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी आतोबा गेले. झोपेतच. निरोप मिळाल्यावर मी गिरगावातून पोचलो तेव्हा आत्या रेडिओच्या आच्छादनाची घडी घालत बसली होती, काही न सुचून. काशीबाय दाराशी उभी होती. थोड्या वेळाने ती एकटीच गच्चीवर गेली, आणि कर्ण्याची खरखर ऐकू आली. तिच्या हातात फॉर्म नव्हता. त्या दिवशी तिने कुणालाच टोपणनावाने हाक मारली नाही.

"वारा बरा हाय," ती म्हणाली. "दर्या शांत हाय. पन कोन जाव नको. आपला मास्तर गेला."

कोळीवाड्यात आपल्यातलं माणूस गेलं की त्या दिवशी होडी लोटत नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गॅलरीत उभा होतो. ऊन स्वच्छ पडलं होतं, वाऱ्याची झुळूक होती. भरती आली, चिखलातल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या, दोरांना हिसके देत जागच्या जागी डुलत राहिल्या. एकही सुटली नाही. हे आतोबांना कुणीतरी कळवायला हवं होतं असं वाटून मला तिथेच रडू कोसळलं.